नोबान्तूची मासळी

मासे अभ्यासणाऱ्या पातिस्वाला नव्या जातीची मासळी सापडली आणि तिच्या आईचे, नोबान्तूचे, पाय जमिनीवर ठरेनात. का ठरावेत? कॉफी बे या किनाऱ्यावरच्या गावातल्या खडकांवरचे शिंपले खरवडून, विकून तिनं लेकीला शिकवलं होतं. आता लेक त्याच खडकांतल्या बोटभर मासळीला आईचं नाव देणार होती. दर गुरुवारी चर्चच्या बायका लाल पोलकी घालून जमल्या की प्रार्थनेआधी मासळीची चौकशी होई.

"अगं, छापून आली का माझी मासळी?" फोनवर नोबान्तूचा पहिला प्रश्न हाच.

"शुक्रवारच्या शास्त्रीय अंकात येईल. धीर धर की."

"मला आहे गं, त्या बायकांना नाही!"

मासळीचं वर्णन करायचं तर ती जिवंत असतानाच रंग टिपून घ्यावे लागतात. एकदा स्पिरिटात बुडाली की कुठलीही मासळी उकडलेल्या बटाट्यासारखी दिसते. म्हणून पातिस्वानं एक प्रयोगशाळेच्या टाकीत पाळली होती. तपकिरी, पोट सुटलेली, तोंडावर कायमची नाराजी. शेजारच्या टाकीत ऑकर्टकाकांचा मासा होता. तिचे निवृत्तीला टेकलेले सहकारी ऑकर्टकाका अजूनही किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात बुड्या मारत. त्यांचा मासा लालभडक आणि भलताच तोऱ्यातला. त्याचं वर्णन गेल्याच महिन्यात छापून आलं, त्याला काकांनी आपल्या गावाचं नाव दिलं आणि सगळ्यांना पिठाच्या तळून पाकात बुडवलेल्या वेण्या खाऊ घातल्या.

बुधवारी काकांच्या टाकीचा पंप बंद पडला.

"पोरी, पाहुणा ठेवतो गं तुझ्याकडे."

"ठेवा काका, पण त्यानं हिला खाल्लं तर बघा हं!"

त्यानं खाल्लं नाही. तो पंख फुलवून तिच्याभोवती नाचायला लागला. आणि ती नाराज बया चक्क लाजली, शेवाळामागे गेली, परत आली. पातिस्वाच्या लक्षात आलं. तिला मिळाल्या होत्या फक्त माद्या, काकांना फक्त नर, आणि रंगावर भुलून दोघांनी एकाच जातीच्या दोन जाती करून ठेवल्या होत्या. भिंगाखाली काटा न् काटा जुळला. अशा वेळी जे नाव आधी छापलं जातं तेच टिकतं.

ऑकर्टकाका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "मी काही पाहिलं नाही. छापून येऊ दे तुझी. कुणाच्या ध्यानात येईतो दहा वर्षं जातील."

दहा वर्षं आईला पुरली असती. पातिस्वाला मोह झाला, अगदी मनापासून झाला. पण जे उद्या कुणीतरी खोडणारच, ते नाव आईच्या गळ्यात कसं बांधायचं? तिनं संपादकाला फोन करून वर्णन मागं घेतलं.

रविवारी आई चुलीवर मका आणि घेवडा शिजवत होती. पातिस्वानं एका दमात सगळं सांगून टाकलं आणि तिला रडूच फुटलं.

"म्हणजे नवरा भेटला आणि हिचं नाव गेलं?" नोबान्तू डावानं ढवळतच होती.

"हो."

"मग त्यात नवं काय? नोबान्तू हे नाव मी काय जन्मताना आणलं होतं? लग्नाच्या सकाळी सासरच्या बायकांनी ठेवलं. माझ्या नावात काय खोट होती, हे विचारायचीही सोय नव्हती."

आईचं जन्माचं नाव पातिस्वानं ओळखपत्रावर वाचलं होतं, पण त्या नावानं आईला हाक मारलेली कधी ऐकली नव्हती.

"फुम्ला," ती हळूच म्हणाली.

डाव थांबला. "परत म्हण."

"फुम्ला."

म्हातारीनं डोळे पुसले आणि धुराला दोन शिव्या हासडल्या.

"पुढच्या मासळीला हे दे. गुरुवारच्या बायकांना मी बघते. पण आधी नीट चौकशी कर हो, तिचं लग्न झालेलं नसू दे."