काटकोनाची गळती

पाणीपुरवठा खात्यात मामांनी पुरुषभर उंचीच्या झडपा बसवल्या होत्या. निवृत्तीनंतर भाचीने त्यांना आपल्या प्रयोगशाळेत बोलावले, ते केसाएवढ्या नळीची झडप करायला. "झडप ती झडपच," असे मामा ऐटीत म्हणाले होते. ते वाक्य आता अंगाशी आले होते.

रचना तशी साधी. मऊ रबरी पट्टीत खाली रक्ताची नळी, वर हवेची, मध्ये पातळ पडदा. हवा भरली की पडद्याने फुगून खालची वाट अडवायची. तो अडवत नव्हता. चाचणीचे लाल पाणी झिरपतच होते. आज संध्याकाळपर्यंत ते थांबले नाही, तर रक्ततपासणीच्या यंत्रात बाहेरून मागवलेली झडप बसणार होती.

मामांनी आधी पंपाला दोष दिला, मग रबराला, मग हवेतल्या दमटपणाला.

"आता मीच उरलेय, मामा. माझ्यावरही ढकला."

"तुझा क्रमांक जेवणानंतर होता," म्हणत मामांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

पडदा मधोमध चोख टेकला होता. पाणी पळत होते ते तळाच्या दोन कोपऱ्यांतून. मामांनी नळी काटेकोर काटकोनी आखली होती. पट्टीचे रबर ज्या साच्यावर ओतायचे, तो भट्टीत ठेवला की त्याच्या कडा वितळून गोल होतात, म्हणून तो तापवायला त्यांनीच सक्त मनाई केली होती. फुगलेले पोट कोपऱ्यात शिरत नाही, हे त्यांना निदान स्वतःच्या पोटावरून तरी कळायला हवे होते! लोक दुसऱ्याला मामा बनवतात. यांनी ते काम घरच्या घरी उरकले होते.

"सापडलं का काही?"

मामांनी खाकरून घेतले. "काटकोन चुकला."

"कोणी घातला होता?"

"पुढचं बोल. साचा तापव."

साचा तापला, कडा वितळल्या, नळीला कमानीसारखी गोलाई आली. उन्हे कलताना त्यावर ओतलेल्या नव्या पट्टीत हवा भरली. लाल पाणी जागच्या जागी थबकले.

"थांबलं!"

"हवा सोड आधी. उघडली तर झडप, नाहीतर बूच."

पाणी पुन्हा वाहू लागले. भाचीने फोन उचलून बाहेरच्या झडपेची मागणी रद्द केली आणि वळून म्हणाली, "आता अशा चाळीस, एकाच पट्टीवर."

मामा सावकाश खुर्चीत बसले. "एकच गळत होती तोवर माझा मूर्खपणा एका जागी होता, गं. आता तो चाळीस ठिकाणी शोधावा लागणार."