अकरा दिवसांचा कारभार

किल्ल्या दिल्या, शिक्का दिला आणि गाडीत बसता बसता बदलून चाललेल्या मुख्याधिकाऱ्यांनी फुकटचा सल्लाही दिला.

"अकरा दिवसांचा तर प्रश्न आहे, बाई. नवे साहेब येईपर्यंत खुर्ची सांभाळा. काही करू नका."

बाई "बरं" म्हणाल्या. नगरपालिकेत त्यांना तीस वर्षे झाली होती, त्यांतली बारा हेडक्लार्कच्या टेबलावर, आणि या एका 'बरं'वर त्यांनी सहा मुख्याधिकारी पार पाडले होते. कचेरीत प्रभारी माणसाची पत म्हणजे स्टेशनवर दुसऱ्याच्या सामानावर बसवून ठेवलेल्या माणसाची. रजेचे अर्ज मंजूर करायचे, पत्रांवर पोच द्यायची, बाकी सगळे 'नवे साहेब आल्यावर'. साहेबांच्या खुर्चीत बसायचेसुद्धा नाही, शेजारच्या लाकडी खुर्चीवरून सह्या करायच्या. हा रिवाज धाकट्या कारकुनांना बाईंनीच शिकवला होता.

आलेला प्रत्येक साहेब सुधारणा घेऊन आला होता. एकाने फायलींना रंग ठरवून दिले. तांबड्या तातडीच्या. महिन्याभरात सगळ्याच तांबड्या झाल्या. दुसऱ्याने जिन्यापासून मुतारीपर्यंत 'सुरुवात माझ्यापासून' अशा पाट्या लावल्या आणि चौथ्या महिन्यात वशिला लावून मोठ्या शहरात गेला. तिसऱ्याने नेतृत्वाचे शिबिर भरवले. त्यात डोळे बांधून मागे पडायचे होते आणि सहकाऱ्यांनी झेलायचे होते. पाणीपुरवठ्याचा लठ्ठ कारकून विश्वासाने पडला तेव्हा मागे कोणीच नव्हते, सगळे चहाला गेले होते. तो आठ दिवस पालथा झोपला.

या सगळ्या सुधारणांतून एक फाइल सहीसलामत वाचली होती. ती कालव्यावरच्या लोखंडी पुलाची.

पूल पायी जाणाऱ्यांचा. अलीकडे कचेरी आणि बाजार, पलीकडे शाळा आणि निम्मे गाव. तीन वर्षांपूर्वी अभियंत्याने अहवाल दिला होता की पलीकडच्या दोन खांबांची बुडे गंजाने खाल्ली आहेत, दुरुस्ती होईपर्यंत पूल बंद ठेवावा. त्यावर तेव्हाच्या साहेबांनी शेरा मारला, 'चर्चा करावी.' फाइल खाली आली. चारेक महिन्यांनी बाईंनी ती वर पाठवली, 'चर्चेसाठी सादर.' पुन्हा शेरा, पुन्हा खाली. असे नऊ वेळा. ज्याने बोलवायचे त्याने बोलावले नाही आणि ज्याने जायचे तो आपणहून गेला नाही. मासिक तक्त्यात मात्र पुलासमोर दर वेळी 'कार्यवाही चालू' लिहिले जाई, आणि ते कोणाला खोटेही वाटत नसे. चर्चेत ठेवलेली फाइल कोणाच्या अंगाशी येत नाही, हेही बाईंचेच शिकवणे.

तिसऱ्या दिवशी अभियंता रजेचा अर्ज घेऊन आला. काटकुळा माणूस, मोजून बोलणारा. बाईंनी अर्जावर सही केली आणि तो वळला तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेले,

"बसा. चर्चा करू."

"कसली?"

"पुलाची. शेरा आहे ना, चर्चा करावी. सध्या साहेब मीच आहे."

अभियंता इतका चकित झाला की खरेच बसला. तीन वर्षांत त्याला हे कोणी म्हटले नव्हते.

"पडेल का तो?" बाईंनी विचारले.

"पडेल."

"कधी?"

"ते कळत असतं तर मी इथे नोकरी कशाला केली असती? शाळा सुटते तेव्हा एका वेळी साठ-सत्तर पोरं असतात त्यावर. तेवढं वजन पेलायची त्या खांबांची लायकी राहिलेली नाही, एवढं मी लिहून दिलंय."

"तुम्ही तर पलीकडेच राहता. तुम्ही कुठून येता?"

अभियंत्याने अर्जाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मोठ्या रस्त्याच्या पुलावरून. पाऊण तास लागतो."

"कधीपासून?"

"अहवाल दिला तेव्हापासून."

"आणि आम्ही सगळे?"

"मी अहवाल दिला होता, बाई."

बाईंना संताप आला. याची कॉलर धरावी असे वाटले. पण लगेच ध्यानात आले की, आपणही विचारणाऱ्याला हेच सांगितले असते: मी फाइल वर पाठवली होती. मग तो संताप तिथून हलून स्वतःवर येऊन बसला आणि काही केल्या उठेना. सगळी चर्चा चार मिनिटांत आटोपली होती.

संध्याकाळी त्या पुलावर गेल्या. पलीकडच्या टोकाला, पायऱ्या उतरल्या की समोरच, त्यांच्या नणंदेचे शिवणाचे दुकान. नणंद विधवा, अलीकडे बाईंच्याच गल्लीत राहणारी. सासूबाई गेल्यावर दोघींनी एकमेकींची दुखणीखुपणी काढली होती. दुकानाचे गिऱ्हाईक सगळे अलीकडचे, बाजारातून पिशव्या घेऊन येणारे. पूल बंद झाला तर एका ब्लाउजसाठी पाऊण तासाचा वळसा कोण घेणार? बाई बराच वेळ कठड्याला धरून उभ्या राहिल्या. खालून पोरे धावत आली तेव्हा पायाखालची पट्टी हलली. ती रोजच हलत असे, त्या दिवशी फक्त कळली.

दुसऱ्या दिवशी बाई शिपायाच्या डोळ्यांदेखत साहेबांच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पूल बंद करण्याचा आदेश काढला. कुलूप तोडतील हे ठाऊक होते, म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी गज जोडून घेतले. चर्चेचे टिपण अभियंत्याच्या सहीसकट फायलीला लावले.

मग व्हायचे ते झाले. नगरपालिकेचे अध्यक्ष दहा-बारा माणसे घेऊन आले. निवडणूक चार महिन्यांवर होती आणि निम्मे गाव पलीकडे होते. त्यांनी आधी गोड बोलून पाहिले, मग टेबलावर हात आपटला, मग बाईंच्या नवऱ्याला निरोप धाडला की बायकोला आवर घाला. नवरा शाळामास्तर होता, उभ्या जन्मात त्याने वर्ग सोडून कोणाला आवरले नव्हते. तो बाईंना इतकेच म्हणाला की आपल्या दारासमोर लोक थुंकून जातायत, आणि स्वतःच पाण्याची बादली घेऊन उठला. नणंद आली नाही. बाईंकडे तिचा एक डबा होता, तो न्यायला तिने शेजारणीला पाठवले. बाईंना थुंकीपेक्षा ते जास्त लागले.

अकराव्या दिवशी नवे साहेब आले. तरुण होते, बाह्या दुमडलेल्या, आणि बाईंना 'मॅडम' म्हणत. आल्या आल्या अध्यक्षांकडे तासभर बसून आले होते. त्यांनी बाईंसमोर एक टाइप केलेला कागद सरकवला. सदर आदेश नजरचुकीने निघाला असून तो मी मागे घेत आहे, असा मजकूर होता.

"मॅडम, निर्णय चूक आहे असं मी म्हणत नाही," साहेब म्हणाले. "पद्धत चुकली. बदल करायचा तर सगळ्यांना बरोबर घेऊन करावा लागतो. नेतृत्व म्हणजे तेच. यावर सही करा, विषय इथेच संपवू."

सही केली नाही तर काय, तेही त्यांनी सौम्य आवाजात सांगितले. अधिकाराबाहेर जाऊन आदेश काढल्याबद्दल चौकशी लागेल. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती आणि तीस वर्षांत त्यांच्या नावावर एक साधी ताकीद नव्हती. तेवढीच त्यांची मिरास होती.

बाईंनी कागद दोनदा वाचला. सवयीने एक चूकही दुरुस्त केली. मग परत सरकवला.

"नजरचूक नऊ वेळा झाली, साहेब. त्या नऊही ठिकाणी माझी सही आहे. त्याचं काय लिहून हवंय ते देते. हा आदेश मी डोळे उघडे ठेवून काढलाय."

"मग मला तो रद्द करावा लागेल."

"करा. तुमचा अधिकार आहे. कागद मीच टाइप करून आणते. पूल वाहतुकीला सुरक्षित आहे, आणि खाली तुमची सही. दोन प्रती काढू, एक पुलावर लावायला होईल."

साहेबांनी फाइल उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. बाहेर अध्यक्षांची माणसे बसली होती, त्यांचे हसणे आत येत होते. साहेबांनी पेन उचलले, थोडा वेळ कागदावर धरले आणि खिशाला लावून टाकले.

"तुम्ही फार अवघड बाई आहात," ते म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या.

पूल बंदच राहिला. उघडायला कोणाची तरी सही लागणार होती आणि ती द्यायला अख्ख्या नगरपालिकेत कोणी तयार नव्हते. लोकांचा आरडाओरडा वाढला तशी दुरुस्तीही महिन्याभरात मंजूर झाली. अध्यक्षांनी सभेत सांगितले की नागरिकांच्या जिवाशी खेळ आपण खपवून घेणार नाही. साहेबांनी दुसऱ्या गावच्या अधिकाऱ्यांपुढे या बदलावर भाषण केले, ते चांगले झाले म्हणतात. बाईंना चौकशीची नोटीस मिळाली, आणि बदलीही. बदली पलीकडच्या उपकार्यालयात, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर. हुकूम हातात देताना आस्थापनेच्या कारकुनाने मान वर केली नाही. त्याला कामात बाईंनीच तयार केले होते.

आता बाई सकाळी पावणेनऊला घर सोडतात. तीच वेळ नणंदेची. दोघी एकाच गल्लीतून निघतात, त्याच मोठ्या रस्त्याने त्याच पुलाकडे चालतात, नणंद पुढे आणि बाई पंधरा पावले मागे. दीड महिन्यात एक शब्द नाही. नणंदेने दुकानातले एक मशीन विकले होते, हे बाईंना दुसऱ्यांकडून कळले. रस्त्यात ओळखीचे लोक भेटतात. कोणी तोंड फिरवतो, कोणी मुद्दाम मोठ्याने म्हणतो की पूल असता तर पाच मिनिटांत पोचलो असतो. बाई त्यांना नमस्कार करतात आणि चालत राहतात.

एके दिवशी मोठ्या पुलाच्या चढावर नणंद दम खायला थांबली. बाई जवळ पोचल्या तरी ती हलली नाही. मागे वळूनही तिने पाहिले नाही.

"एकच सांग, वहिनी. सही करताना माझं दुकान डोळ्यांपुढे आलं होतं की नाही?"

"आलं होतं."

"आणि तरी केलीस."

"तू दिवसातून चार वेळा त्यावरून जायचीस," बाई म्हणाल्या. "दुकानाच्या आधी तू आलीस डोळ्यांपुढे."

नणंदेने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चढ चढू लागली. बाईंनी तिला पंधरा पावले पुढे जाऊ दिले, आणि मग त्या निघाल्या.