सप्त्यातल्या मशीनला ताप

या, असे पुढे सरकून बसा. आज आपल्याकडे भोंगा नाही आणि गोष्ट भोंग्याचीच आहे, तेव्हा मागे बसेल त्याचं नुकसान. येरळेकाठच्या लिंबाच्या वाडीत एका फौजी गड्याला देवाने कसं कामाला लावलं, तेवढंच सांगतो. लांबण लावणार नाही.

तर त्या फौजी गड्याने, कृष्णातने, मशीनवरची ओली पट्टी दोन बोटांनी उचलली आणि लांब धरली. पट्टीतून पाणी ठिबकत होतं. पट्टीखाली झेंडूचा हार होता, हाराखाली लोकरीची शाल होती आणि शालीखाली भोंग्याचं मशीन होतं. आतल्या दिव्यांना वारा लागावा म्हणून मशीनच्या अंगाला ज्या फटी ठेवलेल्या असतात, त्यांत कुणीतरी भक्तिभावाने उदबत्त्या खोचल्या होत्या.

"ही पट्टी कुणी ठेवली?"

"मीच की," ज्ञानू म्हणाला. गावाने त्याला मशीनवर नेमलेला होता, आणि त्या नेमणुकीचं गंध त्याच्या कपाळावर ताजं होतं. "तुमीच सांगून गेलाता, तापलं तर गार करा म्हणून. मी कांदा ठेचून लावणार हुतो. आण्णा म्हणालं, नगं, इंग्रजी मशीन हाय, पाण्याच्या पट्टीनं भागंल."

"आणि शाल?"

"धूळ लागू दिऊ नगा म्हणालाता."

"लाल दिवा कुठं गेला?"

"हाय की. कुंकवाखाली हाय."

कृष्णातने डोळे मिटले. फौजेच्या सिग्नलमध्ये पंधरा वर्षं काढून, बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर तो पलूसला परतला होता आणि पेठेत भोंग्यांचं दुकान टाकून बसला होता. तारेच्या एका टोकाने बोललं की दुसऱ्या टोकाने जसंच्या तसं ऐकायचं, या शिस्तीत त्याचा जन्म गेलेला. सप्त्याच्या पहिल्या दिवशी त्याने मशीन इथे आणून जोडलं, एका चहात ज्ञानूला सगळं शिकवलं आणि एका लग्नाच्या कामावर निघून गेला. आज दुपारी वाडीतला गुंडा नावाचा पोरगा सायकल मारत दुकानात आला. मशीनला ताप आलाय म्हणाला, कण्हतंय बी आणि मधनंच उचकी लागतीया, आण्णांनी बोलावलंय. तेव्हा कृष्णात हसला होता.

आता त्याला हसू येईना. त्याने पालथा हात मशीनला लावला आणि झटकन मागे घेतला. आतल्या तारांवरचं रोगण भाजल्याचा वास येत होता. दिवस मावळेपर्यंत हे जळणार, आणि मग उरलेला सगळा सप्ता मुका.

"हे बंद करून थोडं निवू द्यायचं आणि मग परत चालू करायचं, असं मी बजावलं होतं की नाही?"

"बजावलंत की. त्यातलं चालू करायचं आमी पहिल्याच दिवशी केलं."

"आणि बंद?"

"ते सप्ता झाल्यावर करू म्हटलं."

त्यात ज्ञानूचं काही चुकलं होतं असं कुणाला म्हणता येणार नाही. सप्ता म्हणजे सात दिवस देवाच्या नावात खंड पडू द्यायचा नाही. गळ्यातली वीणा भुईला टेकवायची नाही. एकाचा पहारा सरला की दुसऱ्याने ती उभ्या उभ्या आपल्या गळ्यात घ्यायची. रात्र नाही, दिवस नाही. मशीनही त्याच मुहूर्तावर सुरू झालेलं, त्यालाही नारळ फुटलेला. आता वीणा थांबत नाही तर मशीन कसं थांबेल?

मांडवात टाळ वाजत होते. बारा-पंधरा जणांचं भजन चाललं होतं, मध्ये माईक उभा होता आणि माईकच्या शेजारीच हे बोलणं होत होतं. कृष्णातचा संयम तिथे सुटला. परेडच्या मैदानावर जसा आवाज काढतात तसा त्याने काढला.

"बंद करा म्हणतो ना. आत्ताच्या आत्ता बंद करा."

माईकने ते शब्द उचलले आणि भोंग्याने ओढ्यापलीकडे नेऊन टाकले. टाळ थांबले नाहीत, पण टाळकऱ्यांच्या माना वळल्या. सप्त्याचे कारभारी आण्णा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी परत घातली.

"झालं," ते म्हणाले. "आता बायडा पळत येती बघा."

"कोण बायडा?"

"साळूआक्काची सून. इकडं या तुमी, फौजी. त्या माईकपासनं लांब या."

आण्णांनी त्याला मांडवाच्या कडेला नेलं आणि हात लांब करून ओढ्यापलीकडचा मळा दाखवला. उसाच्या कडेला एक कौलारू घर होतं. भोंग्याचं तोंड गावाकडे नव्हतंच. ते त्या घराकडे होतं.

"भोंगा गावाला काय करायचाय? गाव हितंच बसलंय की," आण्णा म्हणाले. "भोंगा आणलाय साळूआक्कासाठनं. एक सप्ता चुकवला न्हाई बाईनं जन्मात. पहिल्या रांगंत बसायची. बुवा बोलता बोलता चुकला, की तितनंच म्हणायची, बुवा, मगाशी राजाचा घोडा पांढरा हुता, आता काळा कसा झाला? चांगलं चांगलं बुवा घाबरायचं तिला. आवंदा शिमग्याला पडली, खुबा मोडला. मिरजंच्या डाक्टरनं पाय पलास्टरात घातलाय. हाललीस तर पाय गेला म्हणून सांगितलंय."

"मग पडून ऐकतेय. चांगलं आहे की."

"ऐकतीया, पर झोपत न्हाई. भोंगा वाजतोय का बघत रातध्याड डोळं उघडं. दुसऱ्या दिशी लाइट गेली जराशी. आक्काला वाटलं, सप्ता मोडला. निघाली उठून. बायडानं कमरंला मिठी मारून धरली म्हणून. आमी माणूस पाठवला, नुसती लाइट गेलीया म्हणून. तर म्हणती, गाव माझ्यापास्नं लपवतंय. निरोपावर इस्वास न्हाई तिचा. कानानं ऐकंल तेवढंच खरं."

तेवढ्यात ओढ्याच्या पायवाटेने पदर खोचलेली एक बाई धापा टाकत वर आली. तिने आण्णांकडे पाहिलं, मग कृष्णातकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आत्याबाई इचारत्यात, बंद करा कोण म्हणलं? का मी उठू?"

"कोण न्हाई म्हणलं," आण्णा म्हणाले. "जा तू, बस त्यांच्यापाशी."

"कोण न्हाई कसं, आवाज काय भुताचा व्हता? एक पाय खाली सोडलाय त्यांनी. शेजारणीला बसवून आलीया." ती परत वळली आणि वळता वळता म्हणाली, "काय करायचं ते करा, पर आवाज थांबवू नगासा. मला आता आवरत न्हाईत त्या."

बायडाबाई ओढ्यात दिसेनाशी झाली. मागे मशीनला उचकी लागली. भोंग्यातून भजनाची अर्धी ओळ तुटली आणि पुन्हा जुळली. मांडवातले सगळे जण कृष्णातकडे बघू लागले, जसं आजाऱ्याच्या घरी डॉक्टरकडे बघतात.

"अर्धा तास," कृष्णात म्हणाला. "मला फक्त अर्धा तास मशीन बंद पाहिजे. नाहीतर संध्याकाळपासून भोंगा कायमचा बंद. मग त्या बाईला कोण आवरणार?"

"आन ह्या अर्ध्या तासात कोण आवरणार?"

"मग तुम्हीच जा ना तिच्या दारात, गात गात," तो चिडून म्हणाला. "सगळेच्या सगळे जा."

हे त्याने रागाने म्हटलं होतं. पण मशीनवाल्याने सांगितलेली गोष्ट लिंबाच्या वाडीने आजवर कधी टाळली नव्हती. आण्णा उठलेच. त्यांनी टाळकऱ्यांना हाताने खूण केली. मृदंग कमरेला बांधला गेला, बायका उठल्या, पंगतीचं पीठ मळणाऱ्या दोघी पिठाचे हात तसेच घेऊन निघाल्या, आणि भजनाचा एक शब्द न सांडता अख्खा मांडव ओढ्याकडे चालू लागला.

ज्ञानू तेवढा कृष्णातसमोर येऊन उभा राहिला. पहाऱ्यावरच्या गड्याची वीणा त्याने आपल्या गळ्यात घेतली होती.

"वीणा जाग्यावरनं हालत न्हाई," तो म्हणाला. "धरा."

"मी?"

"दुसरं कोण हाय हितं?"

"अरे गड्या, मला यातलं काही येत नाही."

"येण्यासारखं काय न्हाई. लय सोपं हाय." ज्ञानूने वीणेचा पट्टा त्याच्या गळ्यात घातला आणि त्याची बोटं धरून तारांवर ठेवली. आता शिकवायची पाळी त्याची होती, आणि ती त्याला आवडत होती. "हिला ताप येत न्हाई. हिला करंट लागत न्हाई. नुसती धरायची आन नाव घ्यायचं."

"कुठली तार वाजवायची?"

"बोटाला लागंल ती."

"हात भरून आला तर?"

"तर नाव मोठ्यानं घ्यायचं."

"खाली कधी ठेवायची?"

ज्ञानूने त्याच्याकडे असं पाहिलं, की ते पाहणं कृष्णातला ओळखीचं वाटलं. मघाशी मशीनवरची पट्टी उचलताना त्याने स्वतः ज्ञानूकडे असंच पाहिलं होतं. ज्ञानूने पुढे होऊन शाल, हार आणि उदबत्त्या काढून टाकल्या, लाल दिव्यावरचं कुंकू धोतराच्या सोग्याने पुसलं, मशीनला हात जोडले आणि डोळे मिटून बटण खाली केलं. मग तो पळत भजनाला जाऊन मिळाला.

मांडव मोकळा झाला. सतरंज्यांवर चैत्राचं ऊन पानापानांतून पडलं होतं. कृष्णात वीणा धरून उभा राहिला आणि पुटपुटल्यासारखं "राम कृष्ण हरी" म्हणू लागला. त्याचा त्यालाच संकोच वाटत होता. तो म्हणत होता आणि कान ओढ्याकडे लावून होता. भजन उतरणीला लागलं, ओढ्यात शिरलं, बारीक झालं, आणि मग उसाच्या पलीकडे कुठेतरी विरून गेलं.

ऐकू येईना झालं तसा तो अस्वस्थ झाला. पोचले असतील का? वारा तर इकडून तिकडे होता, म्हणजे तिकडचं इकडे येणार नाही. की अजून उसाच्या वाटेलाच असतील, आणि ती बाई दुसरा पाय खाली सोडत असेल? सरहद्दीवरच्या बर्फात त्याने असे पहारे केले होते. तिथेही समोर काही दिसत नसे आणि जागा सोडता येत नसे. मागे झोपलेल्यांना कळलं पाहिजे की कुणीतरी जागं आहे, एवढंच काम असे.

त्याने पालथा हात मशीनला लावला. ऊब होती, चटका नव्हता. अर्धा तास काही झाला नव्हता. तो वाकला, वीणा पोटाशी धरली आणि कोपराने बटण वर केलं. आतले दिवे हळूहळू तांबडे झाले. भोंगा खरखरला. माईकसमोर उभं राहिल्याबरोबर सवयीने त्याच्या जिभेवर 'हॅलो, चेक' आलं. ते त्याने गिळलं.

"राम कृष्ण हरी," तो म्हणाला.

भोंग्यातून परत आलेला स्वतःचा आवाज ऐकून तो दचकला. कवायतीचा हुकूम द्यावा तसा तो होता. पण आता थांबता येत नव्हतं. हात भरून येऊ लागला तसं त्याने सांगितल्याप्रमाणे नाव मोठ्याने घेतलं.

मंडळी परत आली तेव्हा टाळ वाजत नव्हते, कुणी गात नव्हतं. चपला हातात घेऊन सगळे चोरासारखे पावलं टाकत येत होते. ज्ञानू पुढे होता, घामाने निथळलेला.

कृष्णातने नाव न थांबवता भुवया उंचावून विचारलं. ज्ञानूने माईककडे पाठ केली आणि त्याच्या कानाशी लागून बारीक आवाजात सांगितलं.

"पोचलो आमी. दारात उभं ऱ्हायलो, आन तुमचा भोंगा सुरू झाला. आक्का म्हणाली, गप बसा रं सगळी, ह्यो कोण नवीन बुवा आलाय ते ऐकू द्या. मग काय, उन्हात उभं अख्खं गाव, तोंडाला कुलूप लावून."

कृष्णातच्या भुवया तशाच वर राहिल्या.

"म्हणाली, ह्याला गळा न्हाई. ताल तर न्हाईच न्हाई." ज्ञानूने कपाळावरचा घाम पुसला. "पर ह्यो काय जागा सोडंल असं वाटत न्हाई, म्हणाली. आन पाय वर घेतलं, कुशीला उशी लावून मागितली, झोपली बगा. पहिल्या दिवसापास्नं आज डोळा लागलाय तिचा. बायडा दारात बसून रडाया लागली."

मग त्याने मशीनकडे पाहिलं. धीर करून तो पुढे झाला आणि बटणावर बोट ठेवलं.

"आता करतो बंद. झोपलीया ती, तिला कळायचं न्हाई. निवू दे बिचाऱ्याला पुरतं."

कृष्णातचे दोन्ही हात वीणेवर होते आणि तोंडात नाव होतं. त्याने ज्ञानूकडे पाहून मान हलवली. नाही म्हणून. आणि एक पाऊल माईकजवळ सरकला.

झाली गोष्ट. आता उठाल, घरी जाल, कधी कुठल्या गावावरून जाताना सप्त्याच्या भोंग्यातून फाटका, बेसूर आवाज कानावर येईल. तेव्हा कान झाकू नका, माय-बापांनो. त्या आवाजाच्या भरवशावर कुणीतरी झोपलेलं असतं. तेवढं ध्यानात धरा, आणि पलूसच्या कृष्णातची एकदा आठवण काढा.