एका शिंप्याने बांधलेली होडी

मी एक जुनी लाकडी होडी आहे, असं म्हणायला मला लाज वाटते. जुनी होण्याइतकं माझं आयुष्यच झालेलं नाही. मित्रांनो, मी पाण्यात एकदाच गेले आणि तिथून परत आले ती परसातल्या चादरीखाली. तरीही माझी हकीकत ऐका, कारण ती माझ्या एकटीची नाही.

मला बांधलं एका शिंप्याने. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांच्या शिलाईत खोट काढणारा माणूस त्या गल्लीत शोधून सापडला नसता. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी एक दिवस लाकडाच्या फळ्या घरात आणल्या आणि काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, सांगितलं, "अगं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाचं शिवलं. एक तरी वस्तू आपल्या मापाची करू दे."

"मग सदरा शिवा की! होडी कशाला?" काकू म्हणाल्या. त्यांना पाण्याची भीती होती. नळाखालची बादली काठोकाठ भरली तरी त्या दोन पावलं मागे सरत.

पण हौसेपुढे कोणाचं चाललंय? शिलाईच्या खोलीतलं कपाट बाहेर गेलं आणि त्या जागी माझा कणा आडवा झाला. माझ्या फळ्या इस्त्रीच्या टेबलामागे उभ्या असत. दिवसभर इस्त्रीची ऊब खाऊन त्या खडखडीत वाळल्या. मास्तर खडूने खुणा करत, गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल. फळ्यांना आतून धरून ठेवणाऱ्या माझ्या वाकड्या बरगड्या त्यांनी इतक्या मायेने घासल्या की मला गुदगुल्या व्हायच्या.

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगते. होडी कशी बांधावी याचं एक पुस्तक मास्तरांनी आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की दोन फळ्यांमध्ये बारीक फट ठेवावी आणि तीत कापसाची वात भरावी. मास्तर मोठ्याने हसले. "लिहिणाऱ्याने कधी कापड धुतलेलं दिसत नाही! अहो, पाण्यात गेलेली वस्तू आटते. आधीच फट ठेवली तर पुढे हात जाईल तिच्यातून." म्हणून त्यांनी प्रत्येक फळी सूतभर मोठीच कापली आणि ठोकून ठोकून घट्ट बसवली. कापड पाण्यात आटतं हे खरं. पण लाकूड पाणी पितं आणि फुगतं. फुगायला जागा लागते, आणि माझ्यात ती कुठेच नव्हती.

शेजारचे पोस्टमन पाहायला आले. त्यांनी माझ्या अंगावरून नख फिरवलं. "वा मास्तर! सांधा कुठे आहे तेच कळत नाही!" मास्तर फुलून गेले. मी मात्र भ्यायले होते. हवा दमट झाली की माझ्या बरगड्या करकरायच्या. मास्तर म्हणायचे, "लाकूड बसतंय." मला ओरडून सांगावंसं वाटे, पण होडीला तोंड असून काय उपयोग?

शीड मात्र दृष्ट लागण्यासारखं झालं होतं. ते पाहूनच काकूंचं मन वळलं असावं. "एकदाच बसेन हं," त्या म्हणाल्या. "आणि काठाकाठाने."

तळ्यावर नेऊन मला रात्रभर पाण्यात बांधून ठेवलं. सकाळपर्यंत मी पोट फुटेस्तोवर पाणी प्यायले होते. दोघं बसले. वारा चांगला होता, शीड फुगलं आणि काठाकाठाने जायचं ते मास्तर आनंदाच्या भरात पार मध्यावर गेले. काकू चक्क हसत होत्या. तेवढ्यात माझी मधली बरगडी कडाड्कन मोडली. तिच्यालगतची फळी उसळली आणि पाणी आत घुसलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या जिवाची नाही, काकूंच्या जिवाची भीती वाटली. मास्तर तर दगडासारखे बसून राहिले. काकूच ओरडल्या, "अहो, बघत काय बसलात? ते शीड काढा!" मास्तरांनी स्वतःच्या हाताने शिवलेलं शीड टराटरा फाडलं आणि फटीत कोंबलं. काकू डब्याने पाणी उपसत राहिल्या, मास्तर वल्हं मारत राहिले. काठाला लागलो तेव्हा काकूंचा जीव भांड्यात पडला. मास्तरांचा नाही पडला.

त्या दिवसापासून मी परसात आहे. माझ्यावर जुनी चादर आहे आणि चादरीवर रिकामे डबे. पण मला त्याचं एवढं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते मास्तरांचं. त्यांनी गिऱ्हाइकांची कापडं परत करायला सुरुवात केली. "दुसरीकडे द्या," ते म्हणत. "माझं माप चुकेल." पूर्वी न बघता कापणारा माणूस आता कात्री हातात घेऊन नुसता उभा राहायचा. काकू समजावून थकल्या.

परवा मास्तरांनी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने चादर ओढली आणि दोरी काढली. एवढ्यात काकू आतून आल्या आणि माझ्यात चढून बसल्या.

"अगं, उठ. त्याला उशीर होतोय."

"होऊ दे. न्यायची तर मला धरून न्या."

"माझ्यामुळे तू बुडाली असतीस! कळतंय का तुला?" मास्तरांचा आवाज फाटला. इतक्या दिवसांत हे ते पहिल्यांदाच बोलले.

"कळतंय. तेव्हा घाबरले, अजून घाबरते," काकू म्हणाल्या. "पण लाकूड चुकलं म्हणून हात टाकून देतं का कोणी? मला हे हात घरात हवेत."

भंगारवाला दोरी गुंडाळून निघून गेला. मास्तर खाली बसले आणि माझ्या मोडक्या बरगडीला त्यांनी टेप लावला. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. नवी बरगडी अजून आलेली नाही, येईल की नाही हेही मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाची तरी अशी एखादी बिघडलेली वस्तू असेल. तिच्यावर चादर टाकू नका. चादरीखाली वस्तूबरोबर माणूसही झाकला जातो. काय चुकलं ते त्याला जरूर विचारा, पण आधी थोडा वेळ त्याच्याजवळ जाऊन बसा.