खोकला : नाही

बेळगावात मी औषधांच्या दुकानात काम करते, पण आमच्याकडे साधी तापाची गोळी मिळत नाही. संधिवात, आतड्यांची सूज असल्या वर्षानुवर्षं पिच्छा न सोडणाऱ्या दुखण्यांची महागडी इंजेक्शनं आम्ही बर्फाच्या डब्यातून घरपोच पाठवतो. दर महिन्याला ठरल्या तारखेला, डबा पाठवण्याआधी, पेशंटला फोन करून पाच प्रश्न विचारायचे, हे माझं काम. ताप, खोकला, वजनात घट, जखम, नवीन औषध. हे इंजेक्शन सांध्यांची सूज उतरवतं, तशी अंगातली रोगाशी झुंजायची ताकदही उतरवतं. एका जरी प्रश्नाला ‘हो’ आलं, तर डबा थांबवून डॉक्टरांना कळवायचं.

जांबोटीची जयाबाई माझी सख्खी आत्या. संधिवातानं तिची बोटं अशी आखडली होती, की गाईची धार काढायला शेजारणीला हाक मारावी लागायची. मीच तिला डॉक्टरांकडे नेलं, औषध कंपनीच्या मदत योजनेत तिचं नाव घातलं. चार महिन्यांत ती स्वतः धार काढायला लागली आणि गावभर सांगत सुटली, “माझ्या रचनानं मला हात दिलं.” मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पण आत्याला फोन म्हणजे अर्धा तास गेलाच. गाय, भात, शेजारणीची सून, सगळं ऐकायचं आणि पाची प्रश्नांना उत्तर एकच, “मला काय धाड भरल्या? बरी हाय गं.” मला दिवसाला चाळीस फोन संपवायचे असायचे. जूनमध्ये मी तिला फोन न करताच पाची ठिकाणी ‘नाही’ भरलं. घरचंच माणूस, काही असतं तर कळवलं असतं. जुलैत तेच. ऑगस्टमध्ये तर हात आपोआप चालला. परक्यांना मात्र मी काटेकोरपणे विचारत होते.

सप्टेंबरात आत्याला बेळगावला दवाखान्यात आणलं. छातीचा टीबी. नऊ किलो वजन उतरलेलं. इंजेक्शन लगेच बंद केलं, म्हणजे बोटं पुन्हा आखडणार होती. मला माझीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी आमचे फार्मासिस्ट नागेंद्र सर चौकशीचा कागद घेऊन वॉर्डात आले. डॉक्टरही होते.

“जयाबाई, खोकला कधीपासून आहे?” सरांनी विचारलं.

“जूनपासनं.”

“मग फोनवर का नाही सांगितलंत? इथं तिन्ही महिने ‘नाही’ लिहिलंय.”

आत्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “व्हय, फोन आलता. रचनानं इचारलं सगळं. मीच लपिवलं.”

सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला हायसंच वाटलं.

डॉक्टर म्हणाले, “टीबी आटोक्यात आल्यावर इंजेक्शन पुन्हा सुरू करता आलं असतं. पण लक्षणं लपवणाऱ्या पेशंटला ते देणं धोक्याचं. योजनेतून नाव काढावं लागेल.”

सर लिहायला लागले. आत्यानं दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले.

“सर, लिहू नका,” मी म्हणाले. “मी फोन केलाच नव्हता. एकदाही नाही. ती उत्तरं माझी आहेत.”

“गप गं!” आत्या खेकसली. “नोकरी जाईल तुजी.”

“जाऊ दे.”

डॉक्टर सरांना म्हणाले, “तसं असेल तर बाईंचं नाव राहू द्या.” सरांनी आधीचं वाक्य खोडलं आणि त्याखाली माझं नाव लिहिलं. मग ते आत्याकडे वळले. “पण तीन महिने खोकला होता, तर तुम्ही स्वतः का नाही फोन केलात?”

“घरात रेंज न्हाय, सायेब. चार तारखेला हिचा फोन येतोय म्हणून शाळंच्या चढावर जाऊन बसायची मी, पावसात छत्री धरून. खोकल्याचंच सांगायचं हुतं. तिन्ही खेपंला दुपारपतोर बसले.”

“पण तिथून तुम्हीच लावायचा ना?”

आत्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता.

“तूच म्हणालतीस न्हवं गं, कामाच्या टायमाला फोन करू नगं, मीच करीन म्हणून?”