मिठाच्या मडक्याची कहाणी

मी मिठाचे मडके आहे, मित्रांनो. जुने, नारळाएवढे, बुडाशी काळेकुट्ट झालेले. थायलंडमधल्या एका नदीकाठच्या गावात लमाई आजीने मला खास शेकासाठी कुंभाराकडून निवडून आणले, म्हणून माझ्यात कधी भात शिजला नाही. जाडे मीठ भरून ती मला निखाऱ्यांवर ठेवी. मीठ तडतडू लागले की मला औषधी पाल्यावर बसवून फडक्यात बांधी आणि बाळंतिणीचे पोट शेकी. मला ते काम फार आवडे.

आजीची लेक रम्पा हे न शिकताच शहरात शिवणकामाला गेली. विद्या आपल्याबरोबर सरणावर जाऊ नये, म्हणून आजीने विहाराच्या मंडपात बायकांचा गट जमवला. घरची विद्या चव्हाट्यावर मांडली, असे लोक म्हणत. आजी मनावर घेत नसे.

शिकताना कोणीतरी बाळंतिणीचे सोंग घेऊन आडवे पडायचे. त्यात तोंगयू सर्वांत पुढे.

"मला शेका, आजी. चार पोरं झाली, पण असं लाडानं कुणी निजवलं नाही."

"नीज गुमान. आणि तुम्ही गं, दात काय काढताय? मडकं आधी आपल्या हाताला लावून बघा. तिचं पोट म्हणजे तवा नव्हे."

मग रम्पा बाळंतपणाला माहेरी आली. आजीने बाळासाठी झोळी बांधून ठेवली. दवाखान्यात बाळ जन्मले, पण रडले नाही. कोणाचीच चूक नव्हती. रम्पा रिकाम्या हातांनी घरी आली.

बाळ नसले तरी बाळंतिणीला शेक हवाच. आजीने मला तापवले, बांधले, आणि लेकीच्या पोटाजवळ नेले. पण पोटाला टेकवण्याआधीच खाली ठेवले.

"मला नाही जमत गं. माझीच पोर आहे."

तोंगयूने मला उचलले. गटातल्या बायका भोवती बसल्या.

"जोर जास्त होतोय का, रम्पा?"

"दाब. आत कोण आहे आता?"

तोंगयू मला हलकेच फिरवत राहिली. माझे काळीज तुटत होते, पण मडक्याला रडता येत नाही.

शेक संपला की बाळ आईच्या कुशीत द्यायचे, असे आजीने शिकवले होते. तोंगयूचे हात सवयीने झोळीकडे गेले आणि तिथेच थांबले. मग आजी उठली आणि लेकीला कवटाळून तिच्याशेजारी आडवी झाली.

मित्रांनो, आपल्याला येते ते दुसऱ्याला शिकवा. आपलेच हात गळतील तो दिवस सांगून येत नाही. त्या दुपारी आजीने शिकवलेले हात होते, म्हणून तिच्या लेकीला शेक मिळाला. बाळ मात्र तिच्या कुशीत कोणालाच देता आले नाही.