पार्ट यायचाय

माणसाच्या निश्चयापुढे कुठलीही उंची मोठी नसते, असं डॉक्टरांच्या भिंतीवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि मिस्त्री लिफ्टने आला होता.

"काम काय करता?" वजनकाट्याकडे बघत डॉक्टरांनी विचारलं.

"लिफ्ट दुरुस्ती."

"मग जिना ऐकून तरी माहीत असेल." डॉक्टर हसले नाहीत. "एकवीस दिवस घरी जाता-येता फक्त जिना. एकवीस दिवसांत सवय लागते. नाही लागली तर गोळ्या लागतील."

मिस्त्री राहायला चौथ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी तो चौथ्यापर्यंत चढला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी बोट आपसूक बटणावर गेलं. जगातल्या लिफ्ट बंद पडतात आणि लोकांना नाइलाजाने व्यायाम घडतो, पण या इमारतीची लिफ्ट मिस्त्री स्वतः सांभाळत होता. ती अकरा वर्षांत एकदाही अडली नव्हती. चांगल्या कामाचं फळ असं कमरेभोवती जमा झालेलं.

चौथ्या दिवशी पहाटे तो गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेला, पॅनलमधला, लिफ्ट चालती ठेवणारा काड्यापेटीएवढा रिले काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"काय झालं हो?" सेक्रेटरींनी जिन्यातच गाठलं.

"पार्ट गेलाय. मागवलाय. यायचाय."

आठवड्याभरात इमारतीत चमत्कार दिसू लागला. सेक्रेटरींचा पट्टा एक भोक आत गेला. "तुमच्या कृपेने हो," ते मिस्त्रीला म्हणाले. त्याचा स्वतःचा पट्टा होता तिथेच होता. चार मजले चढल्यावर भूक फार लागायची.

अडचण झाली ती पाचव्या मजल्यावरच्या नर्सबाईंची. चाळीस वर्षं वॉर्डात उभं राहून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. रोज दुपारी चार वाजता त्या लिफ्टने तळमजल्यावर जात आणि हेडबाईंशी बुद्धिबळ खेळत. हेडबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या खुर्चीतून उठू शकत नसत आणि हरू तर अजिबात शकत नसत.

"मिस्त्री, तू खाली-वर करतोसच," नर्सबाई म्हणाल्या, "तर एवढी चिठ्ठी दे तिला. माझा घोडा पुढे घेतलाय. आणि म्हणावं, वजीर सांभाळ."

दोघींनी आपापल्या घरी पट मांडले. मिस्त्री सकाळी चिठ्ठी खाली नेई, संध्याकाळी उत्तर वर.

"घोडा म्हणे!" हेडबाई फणकारत. "तिला सांग, शाळेतली पोरं याहून बरं खेळायची. आणि तो पार्ट काय बैलगाडीने येतोय?"

पंधराव्या दिवशी बायकोने शर्ट धुवायला घेतला आणि रिले ताटाशेजारी आणून ठेवला.

"हाच का तो पार्ट? खिशातून यायला अकरा दिवस लागतात?"

"अगं, सहाच दिवस राहिलेत. आता बसवला तर सगळं मुसळ केरात."

"वजन तुमचं आणि गुडघे त्यांचे. छान वाटणी आहे." तिने भाजी वाढली. त्याने आणखी मागितली नाही. नियम सुरू केल्यापासून तो पहिल्यांदाच कमी जेवला.

अठराव्या दिवशी हेडबाईंनी चिठ्ठी देता देता हात धरला. "रविवारी मुलगा मला कायमचं न्यायला येतोय. तोवर येईल ना रे पार्ट? एकदा तिच्यासमोर बसून हरवायचंय."

"येईल, बाई. नक्की."

त्याने हिशेब केला. एकविसावा दिवस शनिवार. शनिवारी संध्याकाळी रिले बसवायचा. रविवारची अख्खी सकाळ दोघींची. नियमही पुरा, शब्दही पुरा. मनाला थोडं बरं वाटलं, म्हणून तो आणखी तीन दिवस चढला.

शनिवारी सकाळी नर्सबाईंनी दिलेली चिठ्ठी त्याने खिशात ठेवली. हेडबाईंचं दार अजून बंद होतं. संध्याकाळी देऊ म्हणून तो कामावर गेला.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर नर्सबाई बसलेल्या होत्या. एक हात कठड्यावर, पायातली एक चप्पल दोन पायऱ्या खाली.

"मुलगा आजच आला रे. दुपारी. तिचा फोन आला, तशी निघाले. इथवर आले आणि खाली गाडीचा हॉर्न वाजला." त्या गुडघा चोळत राहिल्या. "तू तरी काय करणार? पार्टच नाही आला."

मिस्त्रीने चप्पल उचलली आणि त्यांच्या पायाशी ठेवली.

"सकाळची चिठ्ठी पोचली ना तिला?"

"पोचली."

"काय म्हणाली?"

"विचार करते म्हणाल्या."

"करणारच! उंट असा लावलाय." नर्सबाई पहिल्यांदा हसल्या.

तो धावत गच्चीवर गेला. रिले बसवायला दीड मिनिट लागलं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आली, नर्सबाई त्याचा हात धरून आत शिरल्या. त्याने पाचचं बटण दाबलं.

"आजच आला होय पार्ट?" त्यांनी विचारलं.

"आजच."

"चला. बाकीच्यांची तरी सोय झाली."

सोमवारी डॉक्टरांनी खिसे रिकामे करून काट्यावर उभं राहायला सांगितलं. मिस्त्रीने टेस्टर काढला, किल्ल्या काढल्या, चौकोनी घडी केलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. ती उडू नये म्हणून किल्ल्या तिच्यावर ठेवल्या.

वजन चारशे ग्रॅम कमी भरलं. मागच्या वेळी त्याने बूट काढले नव्हते.